उजेडाची उतरंड

लेखमाला : छंद प्रकाशाचा – भाग ७

मागच्या भागात आपण रॉ फाइल म्हणजे काय ते पाहिलं. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची ती कच्ची नोंद. प्रकाश दुप्पट झाला की नोंदीतला आकडाही दुप्पट होतो, हा तिचा मोठा गुण. आज या गुणाच्या आधाराने ‘एचडीआर’, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज छायाचित्रण समजून घ्यायचं आहे. एकाच दृश्यात डोळे दिपवणारं ऊन आणि गडद सावली असेल, तर दोन्हींतला तपशील एका चित्रात आणण्याची ही पद्धत. तिची बदनामीही बरीच झाली आहे. जांभळटलेलं आकाश, राखाडी सावल्या आणि कळसाभोवती पांढरं वलय असलेली चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दोष पद्धतीचा नाही. ती कुठे थांबवायची हे न कळण्याचा आहे.

नाशिककरांना या प्रयोगासाठी लांब जायला नको. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळात खोदलेल्या या २४ लेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत, त्यामुळे आत थेट ऊन क्वचितच येतं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे गौतमीपुत्राच्या विहारात, मागच्या भिंतीजवळ उभं राहून बाहेर पाहा. आत मंद, परावर्तित उजेड, मध्ये ओसरीचे खांब आणि त्यापलीकडे भर उन्हातलं शहर. आपल्याला तिन्ही गोष्टी दिसतात, कारण नजर जिकडे वळते तिकडच्या उजेडाशी डोळा जुळवून घेतो आणि मेंदू त्या सगळ्याचं एक चित्र करतो. कॅमेऱ्याला मात्र एका फोटोला एकच एक्स्पोजर मिळतं.

थोडे आकडे मांडू. आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/८ असताना भर उन्हातल्या दृश्याला सेकंदाचा साधारण ४००वा भाग पुरतो. लेण्याच्या अंधाऱ्या भिंतीला त्याच सेटिंगवर चार सेकंद लागू शकतात. हा फरक १,६०० पटींचा झाला. छायाचित्रकार प्रत्येक दुपटीला एक स्टॉप म्हणतात. त्या हिशोबाने हे अंतर साडेदहा स्टॉपच्या पुढे जातं आणि त्यात उजळलेला ढग किंवा काळी कोनाडी धरलेलीच नाही. चांगला सेन्सर बारा ते चौदा स्टॉप नोंदवू शकतो, पण तळाच्या स्टॉपमध्ये दाणेच जास्त दिसतात. याचं कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि कण मोजताना होणारा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. १०० कण आले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० आले तर १०० चा, म्हणजे एकच टक्का. सावलीतला तपशील स्वच्छ हवा असेल तर सावलीला पुरेसा वेळ द्यावाच लागतो.

पुढची अडचण दाखवण्याची आहे. साध्या पडद्यावर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागेतलं अंतर साधारण १,००० पट असतं, मॅट कागदावर जेमतेम १०० पट. मग कितीही प्रकाश गोळा केला तरी तो त्याहून छोट्या जागेत बसवावा लागणारच. म्हणून एचडीआरमध्ये दोन निराळी कामं आहेत. पहिलं काम प्रकाश मोजण्याचं, दुसरं तो चित्रात बसवण्याचं. पहिल्या कामाला गणित पुरतं, दुसऱ्याला नजर लागते.

मोजणी

एकाच दृश्याचे अनेक तुकडे जोडण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १८५०च्या दशकातल्या कलोडियन काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. जमीन किंवा समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जाई. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५७च्या सुमारास सेत इथल्या समुद्रचित्रांसाठी आकाशाची एक आणि लाटांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेतल्या आणि क्षितिजरेषेवर जोडून त्यांची एकच प्रत छापली.

कॅमेरा जागचा न हलवता वेळेचे तुकडे गोळा करण्याची शिस्त नाशिकच्या मातीलाही परकी नाही. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. चित्रपटाकडे वळण्याआधी ते छायाचित्रकार होते, पुरातत्त्व खात्यात त्यांनी काम केलं होतं आणि छपाईच्या प्रकाश-रासायनिक प्रक्रिया ते शिकले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीतल्या बीजाचं रोप होताना ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. लेण्यांकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने तिथे थोडं थांबावं आणि घरच्या घरी प्रयोग करणाऱ्या या माणसाची चिकाटी आठवावी.

आज ज्याला आपण एचडीआर म्हणतो त्याची पायवाट मळली ती पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांच्या १९९७च्या शोधनिबंधाने. मलिक मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. एकाच दृश्याचे वेगवेगळ्या शटरवेळांचे फोटो दिले, तर त्यांवरूनच कॅमेऱ्याचा प्रतिसाद कसा आहे हे काढता येतं आणि मग दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचा सापेक्ष प्रकाश मोजता येतो, असं त्यांनी दाखवलं. रॉ फाइलमध्ये तर हे आणखी सोपं आहे. समजा, एका बिंदूची नोंद १/१०० सेकंदाला २०० आली आणि १/२५ सेकंदाला ८००. दोन्ही आकड्यांना आपापल्या वेळेने भागा, दोन्हीकडे उत्तर २०,००० येतं. हाच त्या बिंदूचा प्रकाश. जिथे नोंद शिगेला पोचून अडकली आहे किंवा दाण्यांत बुडाली आहे, त्या फ्रेमचं मत बाजूला ठेवायचं आणि मधल्या, भरवशाच्या नोंदींना जास्त वजन द्यायचं. फ्रेम्स एकत्र करण्याचं सारं सॉफ्टवेअर आत हेच करतं.

प्रत्यक्ष टिपताना नियम थोडे आणि पक्के आहेत. अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कायम ठेवायचे, फक्त शटरवेळ बदलायची. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि फ्रेम्स जुळत नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने वर सांगितलेल्या दृश्याला १/४०० पासून अडीच सेकंदांपर्यंत सहा फ्रेम्स पुरतात. सर्वांत तेजस्वी जागा जिच्यात जळलेली नाही अशी एक आणि सर्वांत गडद जागा जिच्यात स्वच्छ आली आहे अशी एक, या दोन हव्यातच. शटर हाताने न दाबता टायमर लावा. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे आणि अशा ठिकाणी त्रिपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर कॅमेरा बॅगेवर टेकवून जमिनीवर ठेवा. कोरीव कामावर काहीही टेकवू नका.

मोबाइलवाल्यांनी निराळी गोष्ट लक्षात घ्यावी. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या एचडीआर प्लस पद्धतीत लांब-आखूड फ्रेम्स नसतात. सगळ्या सारख्याच आखूड असतात, म्हणजे आकाश जळत नाही आणि हातही फारसा हलत नाही. त्या जुळवून त्यांची सरासरी काढली की दाणे कमी होतात. नऊ फ्रेम्सची सरासरी घेतली तर दाणे साधारण एक तृतीयांश राहतात, कारण इथेही वर्गमुळाचाच नियम चालतो. प्रयोग स्वतः करायचा असेल तर मोबाइलचं आपोआप चालणारं एचडीआर बंद करा आणि प्रो मोडमध्ये रॉ फाइल घ्या.

बसवणी

आता दुसरं काम. मोजलेला अवाढव्य पल्ला पडद्यावर बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सगळ्या चित्राला एकच वक्र लावतात. तेजस्वी भाग जास्त दाबला जातो, गडद भाग कमी. या मार्गाचा मोठा गुण असा, की उजेडाची उतरंड मोडत नाही. जे मुळात जास्त उजळ होतं ते चित्रातही जास्त उजळच राहतं. फक्त त्यांच्यातलं अंतर कमी होतं. उणीव ही, की फार दाबलं तर चित्र मचूळ दिसतं.

दुसरा मार्ग स्थानिक आहे. प्रत्येक भाग त्याच्या आसपासच्या उजेडाच्या तुलनेत पाहायचा. २००२ साली फ्रेदो दुरां आणि ज्युली डॉर्सी यांनी मांडलेल्या पद्धतीत चित्राचे दोन थर करतात. एका थरात मोठे, सपाट उजेड-अंधार आणि दुसऱ्यात बारीक पोत. पहिला थर दाबायचा, दुसरा तसाच ठेवायचा. त्यामुळे अंधाऱ्या भिंतीवरचे छिन्नीचे घावही दिसतात आणि आकाशातला ढगही. पण अशा पद्धतींमध्ये उतरंड मोडू शकते. सावलीतली भिंत बाहेरच्या आकाशाहून उजळ होते, वस्तूच्या कडेला वलय उमटतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच जाणवतं. जन्मभर आपण सावली उन्हाहून गडद पाहिलेली असते.

नाशिकमध्ये याची खरी परीक्षा काळाराम मंदिर घेतं. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे मंदिर काळ्या पाषाणाचं आहे. दुपारच्या उन्हात बाहेरून फोटो घेतला की आकाश आणि दगड यांच्यात मोठी दरी पडते. स्थानिक टोन मॅपिंगचा दांडा शेवटपर्यंत सरकवला तर दगडाचा प्रत्येक सांधा दिसतो, पण तो दगड राखाडी होतो. काळाराम राखाडी दिसला तर तपशील मिळवून उपयोग काय? काळ्याला काळं ठेवून त्यात जेवढा पोत दिसेल तेवढाच घ्यावा.

तिसरी एक सौम्य वाट आहे, एक्स्पोजर फ्यूजनची. २००७ साली टॉम मर्टन्स आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. इथे प्रकाश मोजतच नाहीत. प्रत्येक फ्रेममधल्या ज्या बिंदूंचा पोत, रंग आणि उजळपणा चांगला आला आहे त्यांना जास्त वजन देऊन सगळ्या फ्रेम्स एकमेकींत मिसळतात. शटरवेळ माहीत नसली तरी चालतं आणि निकाल बहुधा नैसर्गिक येतो. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. हगिन या सॉफ्टवेअरबरोबर येणारं एनफ्यूज हे काम फुकट करतं. प्रोग्रॅमिंग येत असेल तर ओपनसीव्हीमध्ये फ्रेम्स जुळवण्याची, डेबेव्हेक आणि मर्टन्स या दोन्ही पद्धतींची तयार साधनं आहेत. एकच संच दोन्ही मार्गांनी काढून शेजारी ठेवला की फरक डोळ्यांना कळतो. मापून बसवायचं असेल तर ल्युमिनन्स एचडीआर किंवा डार्कटेबल आहेत, तीही मोफत.

दिवस आणि रात्र एका चित्रात

या विषयातलं एक महत्त्वाचं नाव नाशिकचंच आहे. रमेश रासकर यांचा जन्म नाशिकचा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीत. पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये त्यांच्या गटाने प्रकाश पुढे सरकताना दाखवणारं, सेकंदाला एक लाख कोटी चौकटींच्या वेगाचं छायाचित्रण करून दाखवलं. २०१६ साली त्यांना लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. पण आपल्याला इथे त्यांचं २००४ सालचं काम पाहायचं आहे. एकाच जागी रोवलेल्या कॅमेऱ्यातून घेतलेली दिवसाची आणि रात्रीची चित्रं त्यांनी सहकाऱ्यांसह एकत्र केली. रात्रीच्या चित्रात दिवे आणि हालचाल दिसते, पण आजूबाजूचा परिसर अंधारात जातो. तो परिसर दिवसाच्या चित्रातून घ्यायचा. बिंदूंचे आकडे नुसते मिसळले तर जोड दिसतात, म्हणून त्यांनी शेजारच्या बिंदूंमधला फरक, म्हणजे उजेडाचा चढउतार घेतला. दोन्ही चित्रांतले महत्त्वाचे चढउतार निवडायचे आणि त्यांच्याशी सर्वांत जास्त जुळेल असं नवं चित्र गणिताने बांधायचं.

या चित्रात उतरंड मुद्दाम बदललेली असते आणि ते एका क्षणाचं चित्र असल्याचा दावाही नसतो. इथे हेतू समजावून सांगण्याचा आहे, आणि पाहणाऱ्याला तो सांगितला पाहिजे. गोदाघाटावर हा प्रयोग फार सुंदर होईल. नारोशंकर मंदिर समोर येईल अशी एक पक्की जागा शोधा. दुपारी एक संच घ्या आणि तिथूनच, त्याच लेन्सने, दिवे लागल्यावर दुसरा. वाहतं पाणी आणि चालती माणसं मात्र एकाच फ्रेममधून घ्या. अनेक फ्रेम्समधून घेतली तर माणसांच्या अर्धपारदर्शक छाया उमटतात.

अगदी पहिला प्रयत्न करणाऱ्याने सिन्नरचं गोंदेश्वर निवडावं. यादवकाळातलं हे पंचायतन मंदिर मोकळ्या आवारात आहे. सभामंडपातून बाहेर पाहताना ऊन-सावलीचा पल्ला मिळतो आणि दगड हलत नाही. कुठल्याही मंदिरात गाभाऱ्याकडे कॅमेरा रोखण्याआधी परवानगी विचारावी, हे वेगळं सांगायला नको.

चित्र तयार झालं की संगणकावर ते कृष्णधवल करून मूळ मधल्या फ्रेमशेजारी ठेवा. प्रत्यक्षात सर्वांत उजळ असलेली जागा चित्रातही सर्वांत उजळ आहे का? सावली आकाशाहून गडद आहे का? काळा दगड काळाच आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर अंतर कितीही कमी केलेलं असो, चित्र खरं वाटेल. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर दांडा मागे घ्या.

शेवटी वाचकांना एक विनंती. मूळ फ्रेम्स कधीही पुसू नका, कारण बसवणीच्या पद्धती सुधारत जातील आणि आजची मोजणी उद्याही उपयोगी पडेल. चित्र दुसऱ्याला दाखवाल तेव्हा ते किती फ्रेम्सचं आहे आणि त्या कोणत्या वेळी घेतल्या हे खाली लिहा. पुढच्या भागात अनेक फ्रेम्स शेजारी शेजारी जोडून रुंद चित्र कसं करायचं ते पाहू.