हाक स्पीकरला, पंखा फिरणार कशाने?

मावसभावाने घरी बोलका स्पीकर आणला, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मावशीने त्याला फर्मावलं, "पंखा लाव." पंखा ढिम्म हलला नाही. मावशीने पैसे पाण्यात गेल्याचं जाहीर केलं आणि उठून बटण दाबलं.

स्पीकर आणला की घर ऐकू लागतं, हाच या बाबतीतला सगळ्यात मोठा गैरसमज. स्पीकर हा नुसता निरोप्या. निरोप घेणारं कोणीतरी पंख्याच्या बाजूलाही लागतं. दिव्यासाठी स्मार्ट बल्ब असतो, टेबललॅम्पसाठी स्मार्ट प्लग. छताच्या पंख्यासाठी मात्र स्विचबोर्डात बसणारं छोटं मॉड्यूल लागतं. साध्या मॉड्यूलने पंखा फक्त चालू-बंद होतो. वेग बदलायचा तर रेग्युलेटरचं काम करणारं वेगळं मॉड्यूल घ्यावं लागतं. बहुतेक मॉड्यूलना बोर्डात न्यूट्रल वायर लागते. बोर्डावर सॉकेट असेल तर ती तिथे आलेलीच असते. जुन्या घरातल्या नुसत्या बटणांच्या बोर्डात ती नसूही शकते, म्हणून खरेदीआधी वायरमनला विचारलेलं बरं.

"प्लग सगळे सारखेच" हा समज तर धोक्याचा. दोन हजार वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर करंट ओढतो. त्याला 6 अँपिअरचा स्वस्त स्मार्ट प्लग लावला तर तो तापेल, वितळेलही. गिझर आणि एसीला 16 अँपिअरचाच हवा.

आता वाय-फाय. "आमच्याकडे 5जी राउटर आहे, मग जोडणी का होत नाही?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. राउटरच्या नावामागचं '5जी' म्हणजे मोबाइलचं 5जी नव्हे. तो 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा. बहुतेक स्मार्ट प्लग आणि बल्ब 2.4 गिगाहर्ट्‌झवरच चालतात. हा पट्टा वेगाने कमी, पण भिंतींपलीकडे जास्त पोहोचतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला वेगळं नाव द्या आणि जोडणी करताना फोनही त्यावरच ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्यांतल्या बऱ्याच आपल्या सवयीमुळे होतात. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलंय. भिंतीवरचं बटण बंद झालं की स्मार्ट बल्बला वीजच मिळत नाही. मग हाका मारून घसा बसला तरी तो पेटणार नाही. वीज गेली की राउटरही जातो, म्हणून इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर घ्या.

"स्पीकर सतत आपलं बोलणं ऐकून कंपनीला पाठवतो." हे अर्धवट खरं आहे. स्पीकरमधली यंत्रणा हाकेचा शब्द जागच्या जागी ओळखते आणि तो ऐकू आल्यावरच पुढचं बोलणं सर्व्हरकडे पाठवते. पण कान चुकतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या एका कुटुंबाचं खासगी बोलणं चुकीच्या समजुतीने रेकॉर्ड होऊन ओळखीच्या माणसाकडे गेलं होतं. रेकॉर्डिंगचे काही तुकडे कंपनीची माणसं ऐकतात, हे 2019 मध्ये उघड झालं. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग जपून ठेवल्याच्या प्रकरणात अ‍ॅलेक्सा बनवणाऱ्या अ‍ॅमेझॉनने 2023 मध्ये अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचं मान्य केलं. म्हणून भीती अगदीच खुळी म्हणता येत नाही. अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग न साठवण्याचा किंवा आपोआप पुसण्याचा पर्याय शोधा आणि निजायच्या खोलीत स्पीकर ठेवणार असाल तर माइक बंद करायचं बटण खुशाल वापरा.

ज्यांना आवाज घराबाहेर जाऊच द्यायचा नाही, त्यांच्यासाठी होम असिस्टंट ही 2013 पासून वाढत आलेली मुक्त प्रणाली आहे. घरातल्याच छोट्या संगणकावर ती आज्ञा समजून घेऊ शकते. बसवायला मात्र दोन-तीन रविवार आणि भरपूर चिकाटी हवी.

मराठीचं काय? गूगल असिस्टंट 2018 मध्ये फोनवर मराठी समजू लागला, अ‍ॅलेक्सा 2019 मध्ये हिंदी. घरातल्या स्पीकरवर मात्र इंग्रजी आणि हिंदी हेच हमखास पर्याय. म्हणून उपकरणांची नावं छोटी आणि एकमेकांपासून वेगळी ठेवा. 'हॉल लाइट' आणि 'हॉल लाइट दोन' ठेवलीत तर तो गोंधळणार आणि दोष आपल्या उच्चारावर येणार.

सुरुवात एका बल्बने करा. महिनाभर घरातली सगळी माणसं तो वापरतायत असं दिसलं, तरच पुढे जा. आणि बोर्ड उघडायचाच झाला तर मेन स्विच बंद करून, वायरमनच्याच हातून.