आजार सरतो, हिशेब उरतो

गोळीची जखम दिसते, तिची नोंदही लगेच होते. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरलेला काळा आजार मात्र सैनिक घरी परतल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी डोके वर काढतो. तो सेवेतच जडला हे ठरवायचे कसे, आणि नुकसान मोजायचे कसे? अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची, म्हणजे 'व्हीए'ची, टक्केवारीची पद्धत यासाठीच आहे.

दाव्याला तीन गोष्टी लागतात: आजाराचे निदान, सेवेत घडलेली घटना आणि दोहोंना जोडणारा वैद्यकीय दुवा. पुरावा दोन्हीकडे समसमान पडला, तर कौल सैनिकाला द्यायचा, असा कायदाच आहे. पण संसर्गात नेमका दुवाच हाती लागत नाही. म्हणून 2010 मध्ये आखाती युद्धक्षेत्रात आणि अफगाणिस्तानात गेलेल्यांसाठी नऊ आजारांची यादी झाली. हिवताप, क्षयरोग, ब्रुसेलोसिस, क्यू फीवर, वेस्ट नाईल, काळा आजार ही त्यातली काही नावे. यादीतला आजार मुदतीत दिसला की दुवा गृहीत धरतात. बहुतेकांना सेवामुक्तीनंतर एक वर्षाची मुदत आहे. क्षय आणि काळा आजार यांना मुदतच नाही, कारण ते शरीरात वर्षानुवर्षे दबा धरून बसू शकतात.

पुढचा प्रश्न टक्क्यांचा. 2019 च्या सुधारणेपासून अनेक संसर्गांना एकच सूत्र लागू आहे: आजार सक्रिय असेपर्यंत 100 टक्के, बरा झाल्यावर त्या संसर्गाचे 0. मागे राहिलेले नुकसान त्या त्या अवयवाच्या तक्त्यात मोजतात. हिवतापाने प्लीहा किंवा यकृत बिघडले, क्यू फीवरने हृदयाची झडप खराब केली, तर त्याचे टक्के वेगळे. काळा आजार आणि कुष्ठरोग यांत औषध थांबल्यावरही 100 टक्के चालू राहतात. सहा महिन्यांनी सक्तीची तपासणी होते आणि मगच नवा आकडा ठरतो. चालू रक्कम कमी करायची असेल, तर आधी कळवून पुरावा देण्यासाठी 60 दिवस द्यावे लागतात.

एकाहून अधिक व्याधी असल्या तरी थेट बेरीज होत नाही. 50 टक्के गेले की माणूस 50 टक्के सक्षम उरला; दुसऱ्या व्याधीचे 30 टक्के त्या उरलेल्या 50 मधून, म्हणजे 15. एकूण 65, आणि दहाच्या पटीत आणून 70. पैशांत याचा फरक मोठा पडतो: 2025 मध्ये एकट्या माजी सैनिकाला 10 टक्क्यांवर महिना सुमारे 175 डॉलर मिळत, 100 टक्क्यांवर सुमारे 3,831.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित आकडा शून्याचा. हाती पैसा येत नाही म्हणून तो नकार वाटतो, पण तसे नाही. सेवेशी संबंध मान्य झाला, त्या आजाराच्या उपचाराचा हक्क मिळाला, आणि उद्या ताप उलटला किंवा त्यातून दुसरी व्याधी उद्भवली, तर मूळ संबंध पुन्हा सिद्ध करावा लागत नाही. थकवा, अशक्तपणा यांसारखे जे प्रयोगशाळेत पकडता येत नाही, ते या तक्त्यात कमीच पडते, ही त्याची खरी उणीव आहे. तरीही तत्त्व योग्य आहे: जंतू मेला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. कोणत्याही देशाने आपल्या सैनिकांसाठी नियम करताना एवढे तरी मान्य करावे.