इब्राहिमखान गारदी : पानिपतचा तोफखाना-सरदार

विद्यार्थिमित्रहो, कांहीं शब्दांच्या कपाळीं एकदां काळिमा लागला म्हणजे तो पुसतां पुसत नाहीं. मराठींतील ‘गारदी’ हा शब्द अशांपैकींच एक होय. इ. स. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध गारद्यांनीं केला. तेव्हांपासून हा शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें मारेकरी उभा राहतो. परंतु त्यापूर्वीं बारा वर्षें दुसऱ्या एका गारद्यानें पानिपतच्या रणांगणावर धन्याचें मीठ कसें अदा केलें, हें आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्याचें नांव इब्राहिमखान.

प्रथम ‘गारदी’ म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द फ्रेंच ‘गार्द’ म्हणजे पहारा यावरून आला असें मानतात. इ. स. १७५१ पासून १७५८ पर्यंत बुसी हा फ्रेंच सेनानी निजामाच्या राज्यांत होता. त्याच्या पद्धतीनें कवाईत शिकलेलें, रांगेनें चालणारें व हुकुमासरशी बंदुका झाडणारें पायदळ तें गारदी. इब्राहिमखान याच पद्धतींत तयार झाला. तो प्रथम निजामाच्या चाकरींत होता. पुढें पेशव्यांकडे आला. इ. स. १७६० च्या आरंभीं उदगीर येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला, त्या लढाईंत इब्राहिमखानाच्या तोफांनीं मोठी कामगिरी बजावली. त्या विजयानें सुमारें साठ लक्षांचा मुलूख मराठ्यांस मिळाला, आणि भाऊसाहेबांचा या नव्या युद्धपद्धतीवर पूर्ण विश्वास बसला.

तोफखाना म्हणजे नुसत्या तोफा नव्हेत. त्या काळची तोफ डागणें हें पुष्कळ हातांचें काम असे. ओल्या कुंच्यानें नळी पुसावी, म्हणजे आंत ठिणगी राहत नाहीं, मग सोरा, गंधक व कोळसा यांची दारू भरून ती ठासावी, त्यावर गोळा सारावा, नेम धरावा, आणि शेवटीं कानास बत्ती द्यावी. इतका वेळ शत्रूचे स्वार स्वस्थ थोडेच बसणार? म्हणून तोफेच्या रक्षणास बंदूकवाले पायदळ लागतें. शिवाय जड तोफा बैल ओढीत. एकदां त्या मांडल्या कीं लढाईच्या धामधुमींत हलवितां येत नसत. उलट अहमदशहा अब्दालीपाशीं उंटांच्या पाठीवरील लहान तोफा होत्या. त्यांस जंबूरक म्हणत. त्यांचा गोळा लहान, पण त्या वाटेल तिकडे धांवत. दोन्ही पक्षांतील हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

उत्तरेंत गेल्यावर मल्हारराव होळकरांचें मत गनिमी काव्यानें लढावें असें होतें. इब्राहिमखानाचें म्हणणें असें कीं, सैन्याचा चौकोन करून, तोफा व पलटणी कडेस ठेवून, सर्वांनीं एका चालीनें पुढें सरकावें. भाऊसाहेबांनीं हाच बेत स्वीकारला. छावणींत बायकामुलें व यात्रेकरू मोठ्या संख्येनें होते. त्यांस घेऊन पळापळीचें युद्ध करणें सोपें नव्हतें. परंतु चौकोनाच्या बेतास एक अट होती : कोणीं आपली जागा सोडतां कामा नये. आपल्या भागांतील शेतकऱ्यास हें सांगावयास नको. धानाच्या बांधीचा धुरा एके ठिकाणीं फुटला कीं सगळें पाणी वाहून जातें. बाकीचा धुरा कितीहि मजबूत असो, त्याचा उपयोग होत नाहीं.

ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं, अडीच महिन्यांच्या कोंडींत उपासमार सोसलेलें सैन्य पानिपतच्या मैदानावर उतरलें. त्या दिवसाचा वृत्तांत काशीराज पंडितानें लिहून ठेविला आहे. तो शुजाउद्दौल्याच्या पदरीं, म्हणजे शत्रूच्या छावणींत होता. म्हणून त्याच्या साक्षीचें मोल अधिक. तो लिहितो कीं, सकाळीं इब्राहिमखान भाऊसाहेबांपाशीं आला आणि आपल्या शिपायांच्या पगाराची गोष्ट त्यानें काढली. तो पगार वेळेवर मागतो म्हणून भाऊसाहेबांची त्याच्यावर नाराजी होत असे. या महिन्यांत तर कांहींच मिळालें नव्हतें. तरीहि आज आपण आपलें कर्तव्य करून दाखवूं, असें सांगून तो डाव्या बगलेस निघून गेला.

समोर रोहिले होते. इब्राहिमखानानें एका हातीं निशाण व दुसऱ्या हातीं बंदूक घेतली, आपल्या तोफा थांबविल्या, दोन पलटणी बगलेच्या रक्षणास ठेवल्या आणि सात पलटणींनिशीं संगिनी रोखून चाल केली. रोहिल्यांचीं हजारों माणसें पडलीं. पण त्याच्याहि बहुतेक पलटणी नाहींशा झाल्या, आणि तो स्वतः जखमी झाला. इकडे कांहीं स्वार उतावळेपणानें पुढें घुसल्यामुळें चौकोन मोडला, असें इतिहासकार सांगतात. दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊसाहेब दिसेनासे झाले, आणि सर्व संपलें.

जखमी इब्राहिमखान शुजाच्या छावणींत सांपडला. शुजास त्याला वांचवावयाचें होतें. परंतु शहानें त्याची मागणी केली, आणि त्यास वजिराच्या हवालीं करावें लागलें. आठवड्याभरांत तो मरण पावला. त्याच्या जखमांत विष घातलें, असें काशीराजानें लिहिलें आहे.

मग त्याची विद्या त्याच्याबरोबरच मेली काय? नाहीं. पानिपतांतून लंगडा होऊन परतलेल्या महादजी शिंद्यांनीं इ. स. १७८४ त डी बॉइन यास चाकरीस ठेवून नव्या कवायती पलटणी उभारल्या, आणि त्यांच्या पगारासाठीं दुआबांतील मुलूख वेगळा लावून दिला. तोफ ओतण्याइतकेंच शिपायाचें वेतन वेळेवर देणें महत्त्वाचें आहे, हा पानिपतचा धडा महादजींनीं गिरविला.

बालमित्रांनो, इब्राहिमखानाचा धर्म अब्दालीचाच होता, आणि त्याचा पगार थकलेला होता. धन्यास सोडून जाण्यास त्याच्याजवळ दोन सबबी तयार होत्या. त्यानें दोहोंपैकीं एकीचाहि आधार घेतला नाहीं. शुभवर्तमानांतील विश्वासू चाकराचा दृष्टान्त आपण वर्गांत वाचतों. त्या चाकराची परीक्षा धनी जवळ नसतांना झाली, याची परीक्षा धन्याचा हात रिकामा असतांना झाली. यापुढें ‘गारदी’ हा शब्द वाचाल तेव्हां शनिवारवाड्याबरोबर पानिपतचीहि आठवण ठेवा, आणि पालकांसहि ही गोष्ट घरीं वाचून दाखवा.