समोरासमोरचे दोन चौथरे : रोमन फोरम

रोमला गेलेला प्रवासी कोलोझियमपाशी हमखास थांबतो. तिथून थोडं पश्चिमेला चाललं की पॅलाटाइन आणि कॅपिटोलाइन या टेकड्यांमधली सखल जागा लागते. तुटके खांब, उघडे पडलेले पाये आणि झिजलेली फरसबंदी. हेच रोमन फोरम. मुळात ही दलदल होती. ‘क्लोआका मॅक्सिमा’ या मोठ्या नाल्यातून पाणी टायबर नदीत काढून दिलं आणि दलदलीच्या जागी शहराचा चौक उभा राहिला. बाजार, खटले, जाहीर सभा, अंत्ययात्रा, सगळं इथेच व्हायचं.

परंपरा सांगते की इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी राजाला हाकललं आणि प्रजासत्ताक आणलं. सत्ता एकाच्या हाती राहू नये म्हणून दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडायचे, असा नेम होता. पाचशे वर्षांच्या आतच या चौकावर एका माणसाची सत्ता आली. ती कशी आली, हे समजून घ्यायचं तर इथले दोन चौथरे पाहावेत.

पहिला चौथरा पश्चिम टोकाला आहे. त्याचं नाव रोस्ट्रा. ‘रोस्ट्रम’ म्हणजे चोच. इ.स.पू. ३३८ मध्ये अँटियमच्या आरमाराचा पराभव झाला, तेव्हा शत्रूच्या जहाजांच्या नाळेवरच्या धातूच्या चोची रोमनांनी भाषणाच्या चौथऱ्यावर ठोकल्या आणि चौथऱ्याला तेच नाव पडलं. आज दिसतो तो ज्युलियस सीझरने जागा बदलून बांधलेला आणि पुढे सम्राट ऑगस्टसने वाढवलेला चौथरा. चोची कधीच गेल्या, पण त्या बसवण्यासाठी दगडात पाडलेली भोकं अजून दिसतात.

रोमच्या राजकारणाची पडझड या चौथऱ्याभोवतीच झाली. लढाया जिंकून मिळालेल्या जमिनी धनिकांनी बळकावल्या, आणि वर्षानुवर्षं मोहिमेवर असलेल्या शेतकऱ्याचं शेत हातचं गेलं. जमीनवाटपाचा कायदा आणणाऱ्या टायबेरियस ग्रॅकसला इ.स.पू. १३३ मध्ये सिनेटरांनी (उमरावांच्या सभेच्या सदस्यांनी) आणि त्यांच्या माणसांनी ठार मारलं. पुढे सेनापती मारियसने भूमिहीनांना सैन्यात घेतलं. म्हातारपणी जमीन कोण देणार? सेनापती. मग शिपायाची निष्ठाही सेनापतीकडे गेली. इ.स.पू. ८८ मध्ये सेनापती सुला आपलं सैन्य घेऊन थेट रोमवरच चालून आला. पुढे सत्ता हाती आल्यावर त्याने ज्यांना मारायचं त्यांच्या नावांच्या याद्या याच फोरममध्ये लावल्या. आणि इ.स.पू. ४३ मध्ये, ज्या रोस्ट्रावरून वक्ता सिसेरो बोलत असे तिथेच त्याचं शिर आणि हात सेनापती मार्क अँटनीने टांगायला लावले. बोलणाऱ्यांना द्यायचा संदेश याहून स्पष्ट काय असणार!

दुसरा चौथरा चौकाच्या पूर्व टोकाला, रोस्ट्राच्या अगदी समोर आहे. इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये, तहहयात हुकूमशहा झालेल्या ज्युलियस सीझरचा खून झाला. खून फोरमबाहेर, पाँपीने बांधलेल्या सभागृहात झाला. देह मात्र लोकांनी इथे आणून जाळला. त्या जागी त्याच्या दत्तक मुलाने, ऑक्टेव्हियनने, इ.स.पू. २९ मध्ये ‘दैवी ज्युलियस’चं मंदिर अर्पण केलं आणि त्याच्या पुढ्यात भाषणासाठी नवा चौथरा केला. त्यावरही जहाजांच्या चोची होत्या. त्या इ.स.पू. ३१ च्या ॲक्टियमच्या लढाईतल्या, ऑक्टेव्हियनने हरवलेल्या अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांच्या आरमाराच्या. जुन्या चौथऱ्यावर परक्या शत्रूवरचा विजय होता. नव्यावर यादवीतला, रोमनाने रोमनावर मिळवलेला. साम्राज्य कसं आलं, हे एवढ्यात कळतं.

दोन चौथऱ्यांच्या मध्ये, उत्तरेच्या बाजूला क्युरिया, म्हणजे सिनेटचं सभागृह आहे. विटांची ही उंच इमारत सीझरने सुरू केली आणि ऑक्टेव्हियनने पुरी केली. आगीनंतर सम्राट डायोक्लेशनने ती पुन्हा बांधली आणि सातव्या शतकात तिचं चर्च झालं, म्हणून ती टिकली. आत दोन्ही बाजूंना तीन-तीन बुटक्या, रुंद पायऱ्या आहेत. त्यांवर सिनेटर बसत. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत ऑक्टेव्हियनने सगळे अधिकार परत करत असल्याचं सिनेटला सांगितलं. सिनेटने त्याला महत्त्वाचे प्रांत दिले आणि ‘ऑगस्टस’ हा किताबही. सैन्य त्याच्याच हाती राहिलं. कॉन्सल पुढेही नेमले जात राहिले, सिनेटच्या बैठका होत राहिल्या. राजा हा शब्द त्याने कधी लावून घेतला नाही. इ.स. १४ मध्ये तो वारला, तेव्हा दोन्ही चौथऱ्यांवरून त्याची स्तुती झाली. त्याच वर्षी अधिकारी निवडण्याचं काम जनतेकडून सिनेटकडे गेलं. चौकात मोठं बंड झालं नाही.

फोरमला मेट्रोच्या ‘कोलोसेओ’ स्थानकावरून जाता येतं. तिकीट काढायचं नसेल तर कॅपिटोलाइन टेकडीवरच्या सज्जावरून सगळा चौक दिसतो. आत गेलात तर सीझरच्या मंदिरातल्या वेदीपाशी लोकांनी ठेवलेली फुलं दिसतील. ती जरूर पाहा. मग वळून समोरच्या रोस्ट्रापाशी जा आणि दगडातल्या त्या रिकाम्या भोकांपुढे दोन मिनिटं उभे राहा. रोमची माणसं तिथून एकमेकांशी बोलत होती, तोवर तिथे प्रजासत्ताक होतं.