काइटबोर्डिंग : भार टाचांवरून बोटांवर
कोल्हापूर, प्रतिनिधी – २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला. कोल्हापूरकरांना हा खेळ गोव्यातील मोरजी किनाऱ्यावर पाहता येतो. पतंगाच्या ओढीने फळीवरून धावताना वाऱ्याच्या उलट दिशेने सरकणे हीच यातील खरी कसोटी होय. थेट वाऱ्यात शिरणे अशक्य असल्याने तिरकस रेषेतच वाट काढावी लागते.

नेहमीच्या पद्धतीत पाठ वाऱ्याकडे व भार टाचांवर असतो. बोटांवर भार देताना मात्र छाती वाऱ्याकडे येते, पतंग पाठीमागे जातो. त्याची ओढ कंबरेला मागे खेचते आणि फळीची कड पाण्यातून सुटते.

त्यावर उपाय असा : प्रथम वेग घ्यावा, मग कड हळूहळू पाण्यात रोवावी. पतंग माथ्यावर न ठेवता घड्याळातील दहा किंवा दोनच्या जागी आणावा. दांडीवरून मागचा हात सोडल्यास खांदे वाऱ्याकडे वळतात. गुडघे वाकवून कंबर पुढे रेटावी. नजर जायच्या दिशेला असावी.

हे न साधल्यास समुद्रावरून येणारा वारा नवशिक्याला किनाऱ्याकडे लोटतो व फळी काखोटीला मारून वाळूतून परतावे लागते. वारा जमिनीकडून वाहत असेल, तर तोच खोल समुद्रात ओढला जातो. अशा वेळी सराव टाळणेच इष्ट.