चेंडू एक, हिरे पाच!

शाळेच्या मैदानावर दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडत असताना तुम्हीही रांगेत उभे राहिला असाल. सर्वांत आधी कोणाला उचलले जाते? जो सर्वांत जास्त गुण मिळवतो त्याला! मग मनात येते, की असे पाचही गडी आपल्याच बाजूला आले, तर आपल्याला हरवणार कोण?

हा प्रयोग खरोखरच झाला आहे, आणि तोही ऑलिंपिकमध्ये. १९९२ साली बार्सिलोना येथे अमेरिकेने आपल्या व्यावसायिक साखळीतील बास्केटबॉलपटू प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरवले. मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड असे एकाहून एक नामवंत त्या संघात होते. त्यांनी आठही सामने जिंकले, तेही सरासरी ४० हून अधिक गुणांच्या फरकाने. १९९६ आणि २००० सालीही सुवर्णपदक अमेरिकेनेच नेले. प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटले.

आणि मग १५ ऑगस्ट २००४ हा दिवस उजाडला. अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये पोर्तो रिको या लहानशा बेटाच्या संघाने अमेरिकेला ९२ विरुद्ध ७३ असे हरवले! टिम डंकन, ॲलन आयव्हरसन, तरुण लेब्रॉन जेम्स असे खेळाडू असूनही अमेरिकेला पुढे लिथुएनिया आणि अर्जेंटिना यांनीही पराभूत केले. शेवटी कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

खेळाडू गर्विष्ठ होते, मन लावून खेळले नाहीत, अशी टीका झाली. पण दोष देण्याआधी आपण थोडे गणित करू या.

ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा असतो. त्यातील ढोबळ मानाने २० मिनिटे चेंडू एका संघाकडे राहतो. मैदानावर एका वेळी पाच जण असतात. म्हणजे पूर्ण सामना खेळणाऱ्याच्या वाट्याला चेंडू किती वेळ येणार? केवळ ४ मिनिटे! उरलेली ३६ मिनिटे त्याने चेंडूविना खेळायचे असते. आपापल्या क्लबात ज्यांच्याभोवती सारा खेळ फिरतो, असे पाच जण एकत्र आले, तरी चेंडू एकच राहतो. गडी वाढवता येतात, चेंडू वाढवता येत नाही.

मग त्या ३६ मिनिटांत करायचे तरी काय? सोबत्याला वाट मोकळी करून द्यायची, बचाव करायचा आणि योग्य जागी उभे राहायचे. नुसते उभे राहणे हेही काम आहे बरे! लांबून अचूक नेम मारणारा खेळाडू कडेला थांबला, की त्याच्यावर लक्ष ठेवायला प्रतिस्पर्ध्याला एक माणूस तिकडे पाठवावाच लागतो. त्यामुळे बास्केटजवळ जागा मोकळी होते. पोर्तो रिकोविरुद्ध अमेरिकेने लांबून, तीन गुणांसाठी, २४ वेळा चेंडू फेकला. आत गेला तो फक्त ३ वेळा. साहजिकच पोर्तो रिकोचे खेळाडू निर्धास्तपणे बास्केटजवळ दाटीने उभे राहिले. आत घुसण्यात पटाईत असलेल्या खेळाडूंची वाटच बंद झाली.

२०१४ साली संशोधकांनी अशा संघांच्या आकडेवारीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बास्केटबॉलमध्ये अव्वल खेळाडू वाढले की यश वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे ते घटू लागते, असे त्यांना दिसले. बेसबॉलमध्ये मात्र ही घट दिसली नाही. का बरे? बेसबॉलमध्ये, आपल्या क्रिकेटप्रमाणेच, फलंदाज चेंडूला एकटा सामोरा जातो. तेथे गुणांची बरीचशी बेरीज होते. बास्केटबॉलमध्ये एकाची हालचाल दुसऱ्याच्या हालचालीवर अवलंबून असते. अर्थात, आकड्यांतील संबंध म्हणजे कारणाचा पक्का पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट उरते, ती म्हणजे सहवास. २००३ च्या पात्रता स्पर्धेतील अमेरिकेच्या १२ खेळाडूंपैकी फक्त ३ जण अथेन्सला आले. उलट, २००४ चे सुवर्णपदक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाचे बहुतेक खेळाडू २००२ च्या जागतिक स्पर्धेतही एकत्र खेळले होते. कोण कोठे धावेल, हे त्यांना न पाहताही कळत असे.

मग नामवंतांनी एकत्र खेळूच नये काय? तसे नाही. अमेरिकेने आपली पद्धत बदलली. खेळाडूंकडून तीन वर्षांची बांधिलकी मागितली. लांबून नेम मारणारे आणि पास देण्यात वाकबगार असलेले गडी मुद्दाम निवडले. २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम सामन्यात स्पेनला ११८ विरुद्ध १०७ असे हरवून या संघाने सुवर्णपदक परत मिळवले. आणि गंमत पाहा, लेब्रॉन जेम्ससह अथेन्सच्या संघातले चार खेळाडू याही संघात होते! हिरे तेच होते. बदलले होते ते कोंदण.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. शाळेत सामना असेल तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन कडेला बसा. एकच खेळाडू निवडा आणि चेंडूऐवजी दहा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहा. चेंडू हातात नसताना त्याने सोबत्यासाठी किती वेळा जागा केली, किती वेळा तो बचावाला धावला, याच्या खुणा करा. मग दुसरा खेळाडू निवडा. गुणफलकावर ज्याचे नाव कधीच येत नाही, अशा एखाद्या मुलाच्या नावापुढे सर्वांत जास्त खुणा झालेल्या आढळतील. पुढच्या वेळी गडी निवडण्याची पाळी तुमच्यावर आली, तर तो कागद खिशात असू द्या.