वासिली व्हेरेश्चागिन

वासिली वासिल्येविच व्हेरेश्चागिन (२६ ऑक्टोबर, १८४२ – १३ एप्रिल, १९०४) हे रशियन वास्तववादी चित्रकार होते. सेनापतींच्या विजयाऐवजी सामान्य सैनिकाच्या वाट्याला येणारे मरण रंगविणारे युद्धचित्रकार म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

त्यांचा जन्म चेरेपोवेत्स येथे जमीनदार कुटुंबात झाला. नौदलाचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत प्रवेश घेतला. पुढे पॅरिसमध्ये ते जेरोम यांच्याकडे शिकले. रशियाच्या मध्य आशियातील मोहिमेत १८६८ साली समरकंदच्या वेढ्यात ते स्वतः लढले व शौर्याबद्दल त्यांना सेंट जॉर्ज पदक मिळाले.

युद्धचित्रे

या अनुभवातून त्यांची तुर्कस्तान चित्रमालिका साकारली. तिच्यातील 'युद्धाचा गौरव' (१८७१) या चित्रात ओसाड माळावर मानवी कवट्यांचा ढीग, त्यावर बसलेले कावळे आणि मागे उद्ध्वस्त नगर दिसते. हे चित्र त्यांनी भूत, वर्तमान व भविष्यातील सर्व थोर विजेत्यांना उपरोधाने अर्पण केले. ते आता मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात आहे. रणांगणावर टाकून दिलेला मृत रशियन सैनिक दाखविणाऱ्या चित्रामुळे सैन्याची बदनामी होते, अशी टीका १८७४ च्या प्रदर्शनात झाली. तेव्हा त्यांनी त्यासह आपली तीन चित्रे जाळून टाकली.

रशिया-तुर्कस्तान युद्धात (१८७७–७८) ते जखमी झाले, तर त्यांचा भाऊ प्लेव्हना येथे मारला गेला. 'शिपका येथे सर्व शांत' या तीन भागांच्या चित्रात पहाऱ्यावरील सैनिक हळूहळू बर्फाखाली गाडला जातो. शीर्षकातील शब्द सरकारी वार्तापत्रांतील आहेत. चित्र त्यांतील खोटेपणा उघड करते.

भारताशी संबंध

व्हेरेश्चागिन १८७४–७६ व १८८२–८३ या काळात भारतात आले होते. त्यांनी ताजमहालाचे चित्र रंगविले. प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या जयपूरमधील मिरवणुकीचे त्यांचे भव्य चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. बंदीवानांना तोफेच्या तोंडी देण्याची ब्रिटिश शिक्षाही त्यांनी चित्रित केली. त्यामुळे त्यांची टीका केवळ रशियन सत्तेपुरती राहिली नाही.

मृत्यू

रशिया-जपान युद्धाचे चित्रण करण्यासाठी ते पोर्ट आर्थर येथे गेले. तेथे 'पेत्रोपाव्लोव्स्क' ही युद्धनौका पाणसुरुंगाने बुडाली. त्या वेळी नौकेवर असलेले ॲडमिरल माकारोव्ह व व्हेरेश्चागिन हे दोघेही मरण पावले.